आकडा

एक्केचाळीस नंबरचं पाकीट मी फोडत नाही.
ते सर्जनच्या बाजूला फुटतं:
पोट आठच्या दाबाने फुगवायचं की चौदाच्या,
हे मला कळू नये म्हणून
मीटरवर हिरवं फडकं टाकलेलं असतं.
माझ्याकडे शीर, नळी, आणि पडद्यावरची ती रेघ,
उच्छ्वासातल्या वायूची:
चढते, सपाट चालते, उतरते.

नाव लिहायचं नसतं.
सर्जेराव शेलार, अठ्ठेचाळीस,
कोपरखैरण्याची माथाडी वसाहत, मूळ जावळी.
पित्ताशयात तीन खडे.

आठ दिवस आधी नेरूळला, तिसऱ्या मजल्यावर
सायकलवर बसवलं त्यांना,
नाकाला चिमटा लावायच्या आत विचारून घेतलं त्यांनी,
"ही कुठं जात न्हाय व्हय?"
आणि पॅडल मारायला लागले.

अर्जात प्रश्न होता: व्यायाम करता का?
"न्हाय. कामातनं येळ कुठला?"
तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट, सव्वीस वर्षं,
पन्नास किलोची गोणी, ट्रकपासून थप्पीपर्यंत,
दिवसाला शंभर, कधी दीडशे.
मी चौकटीत 'नाही' लिहिलं.
यंत्राने वेगळं लिहिलं:
पामबीचवर पहाटे घड्याळ लावून पळणारे
माझ्या यादीतले बावीस जण,
त्या सगळ्यांच्या वर हा माणूस.

नळीतून त्यांचा दम बाहेर पडत होता.
तोच वायू आठ दिवसांनी
सिलिंडरमधून, बेंबीजवळच्या भोकातून
मी, म्हणजे आम्ही, आत भरणार होतो.

"शेटच्या बिलाखाली छापल्यालं असतंय,
चूकभूल द्यावी घ्यावी," टेबलावर ते म्हणाले.
"चूक तो देतो. भूल तुमी द्या."
शंभरापासून उलटे मोजत
चौऱ्याण्णवला थांबले.

वायू भरला, रेघ वर सरकली.
मी श्वास वाढवले, मिनिटाला चौदाचे सोळा,
सोळाचे अठरा.
गोणीखालचा माणूस हे स्वतःच करतो,
निजलेल्याचं मला करावं लागतं.
तसं पाहिलं तर एवढंच आमचं शास्त्र.
बेचाळीस मिनिटं.
खडे बशीत, तुरीच्या दाण्याएवढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी:
"पोट बरं हाय. खांदा का दुखतोय?"
उजवा.
तळहाताएवढा घट्टा पडलेला.
"सव्वीस वर्सांत बोलला न्हाय कधी ह्यो."

मी समजावलं, उरलेला वायू छातीखालच्या पडद्याला टेकतो,
त्या पडद्याची नस मानेतून आलेली,
खांद्याचीही तिथूनच.
मेंदूचा पत्ता चुकतो.

"वजन किती भरंल त्याचं? वायूचं?"

चाळीस जणांत कुणी हे विचारलं नव्हतं.
एथिक्स कमिटीनेही नाही.
मोबाईलवर हिशेब केला: लिटर तीन,
ग्रॅम पाच, फार तर सहा.
ते हसले, हसताना टाके धरले.
"सा ग्राम! टोळीत सांगू नका."

मग माझा प्रश्न, छापील, सगळ्यांना एकच:
शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य.
आकडा सांगा.

"आकडा घरी हाय. खुंटीला."

मला उशिरा उमगलं.
गोणीत रुतवतात तो. लोखंडी, मुठीला घाम मुरलेला.

पुन्हा विचारलं.
ते खिडकीतून पारसिकच्या डोंगराकडे बघत राहिले,
खाणीने कापलेल्या बाजूकडे.
"तुमाला दिसंल त्यो लिवा."
मला दिसलेला लिहिता येत नाही. नियम आहे.

रविवारी नचिकेतचा फोन येईल, संख्याशास्त्रवाल्याचा:
एक्केचाळीस, खांदा, चोवीस तास, माहिती गहाळ.
बाकीच्यांची सरासरी धरू का?
थांब, म्हणेन मी.
शेऱ्याच्या रकान्यात बघ, लिहिलंय:
घरी, खुंटीला.